कुत्र्याच्या हृदयासाठी काय बरं: ग्रेन फ्री पिशवी, साधी पिशवी की बांगडा-भात?

घरात पिल्लू आलं की सल्ल्यांची रीघ लागते. दुकानदार कुत्र्याच्या खाण्याची साधी पिशवी बाजूला सारून 'ग्रेन फ्री', म्हणजे बिनधान्याची, महागडी पिशवी पुढे करतो. शेजारची काकू म्हणते, आपला बांगडा-भात घाला, आमचे कुत्रे त्यावरच वाढले. आणि आजीने तोवर दूधभात कालवलेलासुद्धा असतो. वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत किनाऱ्यावरच्या घरांत साधारण हेच चार पर्याय समोर असतात. इथे त्यांची तुलना फक्त हृदयाच्या अंगाने करते. केस गळले, पोट बिघडलं तर लगेच दिसतं. हृदय मात्र आतल्या आत बिघडत जातं आणि कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

ज्या आजाराची चर्चा आहे तो डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजेच डीसीएम. यात हृदयाचा स्नायू अशक्त होतो, कप्पे ताणून मोठे होतात आणि रक्त पुढे ढकलायची ताकद कमी पडते. डॉबरमन, ग्रेट डेन, बॉक्सर, कॉकर स्पॅनियल यांच्यात तो आधीपासून जास्त आढळतो. पण अमेरिकेत असा धोका नसलेल्या जातींमध्येही तो दिसू लागला, तेव्हा तिथल्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) जुलै २०१८मध्ये खाण्याशी त्याचा संबंध आहे का हे तपासत असल्याचं जाहीर केलं. जून २०१९च्या अहवालात २०१४पासूनच्या डीसीएमच्या ५२४ नोंदी होत्या, त्यांतल्या ५१५ कुत्र्यांच्या. नोंदींत आलेल्या खाण्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त ग्रेन फ्री होती, आणि ९३ टक्क्यांमध्ये वाटाणा, मसूर किंवा दोन्ही होते.

यातून खाण्यामुळेच आजार झाला असं सिद्ध होत नाही. एफडीएनेही २०२२च्या अखेरीस तेच सांगितलं: नुसत्या नोंदींच्या आकड्यांवरून कारण ठरवता येत नाही. तरीही खाणं बदलल्यावर आणि औषधं दिल्यावर काही कुत्र्यांचं हृदय सुधारलं, ही गोष्ट मला दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही. डोहाच्या कडेने चालायची वेळ आली आणि शेजारी चांगली वाट असली, तर माणूस ती वाटच धरतो.

ग्रेन फ्री विरुद्ध साधी पिशवी

तांदूळ, मका, गहू काढले की त्यांच्या जागी काहीतरी भरावं लागतंच. बहुतेक वेळा तिथे वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा येतो. पिशवी उलटी करून घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. वर 'चिकन' असेल आणि खाली वाटाणा, मग वाटाण्याचं प्रथिन, मग वाटाण्याचा तंतू असे तुकडे पडलेले असतील, तर ते तिन्ही मनात एकत्र करा. चिकनपेक्षा वाटाणाच जास्त भरण्याची शक्यता असते. शिवाय ताज्या चिकनच्या वजनात पाणीच खूप असतं.

कुत्र्याला धान्य पचतं. धान्याची खरी अ‍ॅलर्जी कमी कुत्र्यांना असते. अ‍ॅलर्जी असलीच तर ती बहुधा गोमांस, दूध किंवा चिकनची निघते. म्हणून डॉक्टरांनी ठोस कारण सांगितलं नसेल, तर ग्रेन फ्रीसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. तांदूळ किंवा मका असलेली, 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलेली, वयानुसारची पिशवी घ्या. कुळथाची पिठी चमचाभर चाटली म्हणून घाबरायचं कारण नाही. प्रश्न येतो तो डाळ हाच रोजच्या खाण्याचा पाया असतो तेव्हा.

बांगडा-भात विरुद्ध दूधभात

इथे टॉरिन समजून घ्यायला हवं. हृदयाच्या स्नायूला लागणारं हे द्रव्य मांस-मासळीतून मिळतं, वनस्पतींत जवळपास नसतंच. कुत्र्याचं शरीर मेथिओनिन आणि सिस्टीन या प्रथिनांतल्या घटकांपासून ते स्वतः बनवतं, मांजराला ते पुरेसं जमत नाही. मांजरांमधला डीसीएम टॉरिनच्या कमतरतेने होतो हे १९८७मध्ये पुढे आलं आणि त्यांच्या खाण्यात टॉरिन वाढवल्यावर तो खूपच घटला. कुत्र्यांचं चित्र इतकं सरळ नाही. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये कमतरता सापडते, पण डीसीएम झालेल्या पुष्कळ कुत्र्यांच्या रक्तात टॉरिन व्यवस्थित असतं. म्हणून नुसती टॉरिनची गोळी चालू करून निश्चिंत होता येत नाही.

दूधभात या चौघांत सगळ्यात कमजोर. प्रथिनं तोकडी, टॉरिन नाममात्र. पिल्लाचं त्यावर पोट भरतं, पोषण होत नाही.

मासळीच्या बाबतीत मात्र आपण किनाऱ्यावरचे लोक सुदैवी आहोत. बांगडा, तिसऱ्या, कालवं, माकूल या सगळ्यांत टॉरिन आहे, शिंपल्यांत तर भरपूर. ते पाण्यात विरघळतं, म्हणून शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका. बांगडा साफ करून बुडेल एवढ्याच पाण्यात उकडायचा, मीठ-मसाला काही नाही. निवला की मधला काटा उचलून काढायचा, मग बोटांनी चाचपत बारीक काटे वेचायचे आणि तेच पाणी घालून भात कालवायचा. कच्ची मासळी नको. काही माशांतलं विकर (एन्झाइम) थायामिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व, मोडतं, शिजवलं की ते निकामी होतं.

आपल्या ताटातलं कालवण मात्र त्याला घालू नका. त्यातला कांदा-लसूण रक्तपेशींना घातक आहे. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात तेव्हा हात सुक्या मासळीकडे जातो. बिनमिठाचे सोडे भिजवून, शिजवून थोडे चालतील. खारा बांगडा नकोच, आणि हृदय आधीच कमजोर असलेल्या कुत्र्याला तर मुळीच नको. मिठाने अंगात पाणी साठतं.

पण नुसता बांगडा-भातही पुरा पडत नाही. महिनोन्महिने तेवढंच घातलं तर कॅल्शियम, झिंक, तांबं, ई जीवनसत्त्व कमी पडतं. अंडं, कोंबडीचं हृदय, थोडी कलेजी यांनी फरक पडतो, तरी रोजचं घरचंच घालायचं तर डॉक्टरांकडून प्रमाण आणि पूरक भुकटी लिहून घ्या.

माझा कौल असा: बहुतेक घरांनी धान्य असलेली साधी, संपूर्ण आहाराची पिशवी रोजचं खाणं म्हणून ठेवावी आणि वरून मूठभर उकडलेली मासळी, तिच्या पाण्यासकट, घालावी. ही भर दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत असली की समतोल बिघडत नाही. खाणं बदलताना आठवडाभर जुनं कमी, नवं जास्त असं करत जा. पावसाळ्यात लहान पिशवी आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

कुत्रा डाळींच्या पिशवीवर बरेच दिवस असेल, तर तो गाढ झोपलेला असताना मिनिटभर श्वास मोजा. आकडा वारंवार तीसच्या वर जात असेल, किंवा खोकला, लवकर दमणं, भोवळ, पोट फुगणं दिसलं, तर थांबू नका. डॉबरमन, बॉक्सर किंवा गोल्डन असेल तर लक्षणं नसतानाही इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतलेली बरी. ती सोय जवळ नसेल तर कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागेल. निघताना पिशवीच्या मागच्या यादीचा स्पष्ट फोटो काढून न्या. कुत्रा काय खातो, हे डॉक्टर विचारणारच.