विस्मरण होत असलेल्या वडिलांसाठी मिश्र वास्तव हेडसेट : सांगलीतील तीन महिन्यांचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे हळदीचा व्यापार केलेल्या माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, सौम्य बोधात्मक ऱ्हास, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती थोडी मंदावण्याची अवस्था, असल्याचे मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी दोन वर्षांपूर्वी सांगितले. हळकुंड मोडून त्याची प्रत ते आजही अचूक ओळखतात. सकाळचा चहा करताना मात्र पातेले शेगडीवर ठेवल्यावर पुढे काय करायचे हे त्यांना सुचेनासे झाले होते. आईने ते काम हातातून काढून घेतले की त्यांचा पुढचा सगळा दिवस मुकाट्याने जाई. ते काम त्यांना परत मिळावे, एवढ्याच हेतूने आम्ही शहरातल्या एका लहान व्यावसायिकाकडून डोळ्यांवर बांधायचा मिश्र वास्तव हेडसेट भाड्याने घेतला. त्या व्यावसायिकाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा या तंत्राच्याच आहेत.

आभासी वास्तवाच्या उपकरणात समोरचे जग पूर्ण झाकले जाते. यात मात्र कॅमेऱ्यांमधून आपलेच स्वयंपाकघर दिसत राहते आणि त्यावर बाण, चित्रे व अक्षरे ठरावीक जागी उमटतात. प्रत्यक्ष आणि आभासी यांच्यामधल्या या पट्ट्याची मांडणी पॉल मिलग्रॅम आणि फुमिओ किशिनो या संशोधकांनी १९९४ साली केली होती. उपकरण खोलीचा नकाशा मनात धरते, त्यामुळे मान वळवली तरी चहाच्या डब्यावरचा बाण जागचा हलत नाही. मात्र तो बाण डब्याचा नसून त्या जागेचा असतो, हे आम्हाला आईने फडताळ आवरून डबे खालच्या कप्प्यात ठेवले तेव्हा कळले. अण्णा बराच वेळ रिकाम्या फळीकडे पाहत उभे होते. तेव्हापासून आमच्याकडे डबे हलत नाहीत.

सूचनांच्या भाषेबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या सेवेचे यश त्यावरच ठरले. सुरुवातीला त्यात यंत्राच्या आवाजातली पुस्तकी मराठी होती. ‘पात्रामध्ये पाणी ओतावे’ हे ऐकून अण्णा थांबत आणि कोण बोलले ते शोधत. मग आम्ही आईच्या आवाजात ‘अहो, आधण ठेवा आता’ असे ध्वनिमुद्रण केले आणि पहिल्याच दिवशी ते ‘ठेवतोय गं’ म्हणत कामाला लागले. आम्हाला फार आनंद झाला. पण चारच दिवसांनी आई देवळात गेलेली असताना तोच आवाज ऐकून ते चहा अर्धवट सोडून तिला घरभर, नंतर अंगणात शोधू लागले. अखेरीस पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलीचा आवाज घेतला. ती रोज फोनवरच भेटते. तिचा आवाज येतो आणि ती दिसत नाही, ही गोष्ट त्यांच्या सवयीची आहे. ‘आजोबा, आता साखर’ असे ती म्हणते आणि ते साखर घालतात. ज्यांना अशी सेवा घ्यायची असेल त्यांनी आवाज कोणाचा असावा याचा विचार सर्वांत आधी करावा.

वजन ही मोठी अडचण आहे. अशा हेडसेटपैकी ‘क्वेस्ट ३’चे वजन सुमारे ५१५ ग्रॅम, तर २०२४ साली उत्पादन थांबलेल्या ‘होलोलेन्स २’चे ५६६ ग्रॅम आहे, अर्धा किलोचा हा भार ज्येष्ठांच्या मानेला वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त सोसवत नाही, असा आमचा अनुभव आहे. कमी उजेडात कॅमेऱ्यांना खोली ओळखता येत नाही, म्हणून रात्री न्हाणीघराचा रस्ता दाखवण्यासाठी हेडसेट निरुपयोगी ठरला. तिथे आम्ही चाहूल लागताच पेटणारा दिवा बसवला. कॅमेऱ्यातून अंतराचा अंदाज किंचित चुकतो, त्यामुळे गॅसऐवजी इंडक्शन शेगडी घेतली आणि चहा गाळायच्या वेळी हेडसेट काढायचा असा नियम केला. बसवायला आलेल्या मुलाने हे दोन्ही स्वतःहून सुचवले, याबद्दल त्याचे मनापासून कौतुक वाटते.

महिन्याचे भाडे साडेसहा हजार रुपये, हे निवृत्त माणसाच्या घराला जड आहे. देशात साठीपुढच्या शंभरांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला आहे. ती संख्या लक्षात घेता ही उपकरणे ज्येष्ठ नागरिक संघांतून किंवा रुग्णालयांतून आळीपाळीने वापरायला मिळावीत, असे मला कळकळीने वाटते.

उपकरणाने स्मरणशक्ती परत आणली नाही आणि तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. मात्र काम जमू लागले की खुणा एकेक करून काढत जाण्याची पद्धत स्मृतिदोष असलेल्या रुग्णांना शिकवताना १९८०च्या दशकापासून वापरली जाते, आणि तीच आम्ही इथे अवलंबली. पहिल्या महिन्यात चहासाठी नऊ सूचना होत्या, आता चार उरल्या आहेत. मागच्या आठवड्यात आणखी एक काढायला घेतली, तेव्हा साखरेच्या डब्यावरचा बाण मात्र राहू द्या, असे अण्णांनी स्वतःच सांगितले.