300-420 ईएनएसएलडी: सात महिन्यांच्या तयारीत काय उपयोगी पडलं, काय नाही

जूनमध्ये अभ्यासाला सुरुवात केली आणि जानेवारीत सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीची 300-420 ईएनएसएलडी परीक्षा पास झाले. मोठ्या संस्थांची नेटवर्क कशी आखायची, यावरची ही परीक्षा. परीक्षेत काय विचारलं ते सांगणार नाही, गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते आणि ती मला मान्य आहे. पण या सात महिन्यांत जी साधनं वापरली त्यांच्याबद्दल सविस्तर लिहायचं होतं. मी शोधत होते तेव्हा मराठीत तर सोडाच, हिंदीतही कुणी नीट लिहिलेलं सापडलं नव्हतं.

आधी थोडी ओळख. पूर्वी डिझाइनसाठी सीसीडीए आणि सीसीडीपी अशी स्वतंत्र प्रमाणपत्रं होती. 24 फेब्रुवारी 2020 ला ती बंद झाली. आता 350-401 एनकोर ही मुख्य परीक्षा आणि तिच्या जोडीला ईएनएसएलडी दिली की सीसीएनपी एंटरप्राइझ हे वरच्या पातळीचं प्रमाणपत्र मिळतं. नुसती ईएनएसएलडी दिली तरी एंटरप्राइझ डिझाइनचं स्पेशलिस्ट प्रमाणपत्र मिळतं. वेळ 90 मिनिटं, फी 300 डॉलर आणि वर कर. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. नापास झालात तर पुन्हा बसायला पाच दिवस थांबावं लागतं. एनकोर मी आधीच्या वर्षी दिली होती.

माझ्याकडे होतं ते असं: अधिकृत मार्गदर्शक पुस्तक, 64 जीबी रॅमचा एक जुना वर्कस्टेशन आणि त्यावर ईव्ह-एनजी (आभासी उपकरणं जोडून नेटवर्कची लॅब उभी करायचं सॉफ्टवेअर), एक विकतचा प्रश्नसंच, एक ऑनलाइन क्लास, आणि सिस्कोच्या साइटवरची फुकट डिझाइन गाइड्स. रोज पहाटे साडेपाच ते सात अभ्यास. ऑफिसला निघण्याआधी डबा भरायचा असायचा, त्यामुळे सात म्हणजे सात.

पहिले दोन महिने मी चुकीच्या पद्धतीने अभ्यास केला. एनकोरची सवय लागलेली, म्हणून प्रत्येक विषयाची लॅब लावायची, कमांड टाकायच्या, पिंग (पलीकडून उत्तर येतं का याची चाचणी) गेला की पुढचा धडा. वाटा ठरवणाऱ्या ओएसपीएफचे एरिया झाले, बीजीपीचे रूट रिफ्लेक्टर झाले, शाखा जोडणाऱ्या डीएमव्हीपीएनचे तिन्ही फेज झाले. मग प्रश्नसंच उघडला आणि निम्मे प्रश्न चुकले. सगळं येत होतं, तरी चुकले. चारपैकी तीन उत्तरं चालणारीच असायची आणि त्यातलं एक निवडायचं असायचं. ते का निवडायचं, हे कमांड टाकून कळत नाही.

ऑफिसातल्या माझ्या सीनियरना हे सांगितलं. ते वीस वर्षं याच कामात आहेत. म्हणाले, "अगं, तुझी लॅब नेहमी चालू असते. एकदा तोडून बघ ना. वायर काढ आणि कुणाचं काय अडतं ते लिहून ठेव." त्या दिवसापासून लॅबचा वापरच बदलला. तेव्हाचा एक प्रसंग लांबलचक सांगते, कारण माझ्या मते या परीक्षेचा गाभा त्यात आहे.

वर एक कोअर राउटर, त्याखाली दोन डिस्ट्रिब्युशन स्विच, डी1 आणि डी2, आणि त्या दोघांनाही जोडलेले ॲक्सेस स्विच, म्हणजे ज्यांना लोकांची यंत्रं लागतात ते. सगळीकडे ईआयजीआरपी हा वाटा ठरवणारा प्रोटोकॉल. पुस्तकात वाचल्याप्रमाणे ॲक्सेस स्विच स्टब केले, म्हणजे एखादा रूट (वाट) गेला तर दुसऱ्या वाटेची विचारणा, म्हणजे क्वेरी, त्यांच्यापर्यंत जाणार नाही आणि त्यांच्यातून परकी वाहतूकही वाहणार नाही. मग डी1 आणि डी2 वरून कोअरकडे खालच्या सगळ्या सबनेटचा (पत्त्यांच्या गटांचा) मिळून 10.20.0.0/16 असा एकच समरी रूट पाठवला. कोअरचं राउटिंग टेबल छान आटोपशीर झालं. दोन्ही निर्णय शंभर टक्के बरोबर.

आता डी1 आणि पहिल्या ॲक्सेस स्विचमधली वायर काढली. अपेक्षा अशी की सगळं डी2 कडून जाईल. कोअरमागे लावलेल्या दोन पीसींपैकी एकाचा पिंग चालू राहिला, दुसऱ्याचा बंद. मी मॅक टेबल बघितलं, एआरपी बघितलं, इमेजच (उपकरणाचं सॉफ्टवेअर) बिघडली असेल म्हणून नोड पुसून पुन्हा लावले. तीन सकाळी त्यात गेल्या.

कारण असं होतं. डी1 कडे बाकीच्या ॲक्सेस स्विचचे सबनेट शाबूत होते, म्हणून तो समरी पाठवतच राहिला. कोअरच्या दृष्टीने दोन्ही वाटा सारख्याच, त्यामुळे तो स्रोत आणि गंतव्य बघून काही वाहतूक डी1 कडे आणि काही डी2 कडे वाटत होता. डी1 कडे आलेल्या पॅकेटला त्या सबनेटची वाटच नव्हती. स्टबमुळे दुसऱ्या ॲक्सेस स्विचमधून वळसा घालता येत नव्हता, आणि समरी तयार करताना आपोआप बसलेला नल झिरोचा रूट ते पॅकेट टाकून देत होता. डी1 आणि डी2 मध्ये एक लिंक टाकली, त्या लिंकवर समरी ठेवला नाही, आणि दोन्ही पीसी सुरू झाले.

पुस्तकात "डिस्ट्रिब्युशन स्विच एकमेकांना जोडा" हे वाक्य मी निदान चार वेळा वाचलं होतं. त्या वाक्यामागे एवढं सगळं आहे, हे त्या तीन सकाळींनी दाखवलं. दोन बरोबर निर्णय एकत्र आले की अर्ध्या लोकांचं नेटवर्क बंद पडू शकतं, आणि तेही असं की मॉनिटरिंगवर एकच लिंक लाल दिसेल.

यानंतर एक वही केली. प्रत्येक पानावर एक आकृती आणि खाली तीन ओळी: काय तोडलं, कुणाचं अडलं, किती वेळ. एचएसआरपी म्हणजे एक गेटवे पडला की दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची सोय. तिचं डीफॉल्ट हॅलो (मी चालू आहे हा निरोप) 3 सेकंद आणि होल्ड (निरोपाची वाट बघायची मुदत) 10 सेकंद, हे पाठ होतं. पण फोनवर बोलणाऱ्या माणसासाठी दहा सेकंद म्हणजे काय, याचा विचार वहीत लिहिताना झाला. एसटीपीचा (स्विचमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) रूट एका स्विचवर आणि एचएसआरपीचा ॲक्टिव्ह दुसऱ्यावर ठेवला की सगळी वाहतूक मधल्या लिंकवरून कशी उगाच फिरते, तेही याच वहीत आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मी फक्त ही वही वाचली.

ईव्ह-एनजीची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे आणि एका लॅबमध्ये 63 नोडपर्यंत चालते. या परीक्षेसाठी ते पुरून उरतं. तिच्यासोबत सिस्कोच्या इमेज येत नाहीत, त्या वैध मार्गाने मिळवणं आपल्याकडे. तो प्रश्न नको असेल तर सिस्को मॉडेलिंग लॅब्ज घ्या, त्यात इमेज आणि परवाना दोन्ही येतं. एक सूचना: बीएफडीचे (लिंक पडल्याचं झटपट ओळखणारा प्रोटोकॉल) 50 मिलिसेकंदांचे टायमर व्हर्च्युअल लॅबमध्ये लावू नका. प्रोसेसरवर ताण आला की लिंक उगाच पडते आणि आपण डिझाइनला दोष देत बसतो.

एसडी-वॅन (शाखांमधलं) आणि एसडी-ॲक्सेस (कॅम्पसमधलं) ही सॉफ्टवेअरने चालणारी नेटवर्क घरी उभारायचा हट्ट मी सोडला. 64 जीबीत ते रडतखडत चालतं. त्यापेक्षा सिस्कोच्या डेव्हनेट सँडबॉक्स या ऑनलाइन लॅबवर तयार सेटअप बघितला आणि बाकी वेळ डिझाइन गाइड्सना दिला. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या: नावं बदललेली आहेत. जुन्या साहित्यात व्हीमॅनेज, व्हीस्मार्ट, व्हीबॉन्ड असतं, नव्यात मॅनेजर, कंट्रोलर, व्हॅलिडेटर. डीएनए सेंटरचं कॅटलिस्ट सेंटर झालंय. वहीच्या पहिल्याच पानावर जुनी-नवी नावं शेजारी-शेजारी लिहा, खूप गोंधळ वाचेल.

ही फुकटची गाइड्सच मला सगळ्यांत मोलाची वाटली. त्यांत नुसतं काय करा हे नसतं, कुठल्या परिस्थितीत काय टाळा हेही असतं. कॅम्पसचं गाइड मी तीनदा वाचलं.

ऑनलाइन क्लासचे पैसे मात्र वाया गेले. शिकवणारे पुस्तकातल्या आकृत्या वाचून दाखवायचे. "हब एकच ठेवला तर?" असं विचारलं की "ते परीक्षेला नाही." विकतचा प्रश्नसंच मध्यम. काही उत्तरं मी लॅबमध्ये तपासली तर चुकीची निघाली, पण प्रश्न वाचायची शिस्त त्यानेच लावली. "शाखेत तंत्रज्ञ नाही", "आहे तीच उपकरणं वापरायची", "कॉल तुटता कामा नये" असे शब्द अधोरेखित करायला लागले आणि चुका झपाट्याने कमी झाल्या. परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, म्हणून ही सवय आधीच लागलेली बरी.

ऑटोमेशनला (उपकरणं प्रोग्रामने हाताळण्याला) परीक्षेत दहा टक्के आहेत. नेटकॉन्फ, रेस्टकॉन्फ, यांग, टेलिमेट्रीचे डायल-इन आणि डायल-आउट, दोन आठवडे पुरले.

चोरलेल्या प्रश्नांच्या फायली कुणीतरी पाठवेलच, मलाही आल्या. मी उघडल्या नाहीत. ज्या माणसाने असं प्रमाणपत्र मिळवलंय त्याच्या आकृतीवर उद्या एखाद्या हॉस्पिटलचं नेटवर्क उभं राहू शकतं, हा विचार मला सहन होत नाही.

फेब्रुवारीत कंपनीच्या चाकणच्या नव्या गोदामाचं डिझाइन माझ्याकडे आलं. दोन वेगळ्या प्रोव्हायडरच्या दोन लिंक आधीच ठरल्या होत्या आणि कागदावर सगळं चोख होतं. मी दोघांनाही त्यांच्या केबलचा मार्ग नकाशावर मागितला. शेवटचे चारशे मीटर दोन्ही केबल एकाच खांबांच्या रांगेवरून येत होत्या. आता दुसरी लिंक मागच्या गेटकडून जमिनीखालून येतेय, त्यासाठी खोदाईची परवानगी मागितली आहे.