पोट्ट्यांच्या गाडीला डोळे कोणते लावावेत?

अडथळा पाहून वळणारी रोबोट गाडी शाळेत करायची ठरली, की दुकानदार दोन सेन्सर पुढे करतो: आयआर आणि अल्ट्रासॉनिक. आमच्या यवतमाळकडच्या गावात मी दोन्ही वापरलेत. काम एकच, समोर काही आहे का ते कळवायचं. थांबायचं की वळायचं हे आर्डुइनो, म्हणजे गाडीवरचा छोटा संगणक ठरवतो, मोटर ऐकते.

आयआर स्वस्त. आपल्याला न दिसणारा उजेड सोडतो, तो वस्तूवर आपटून परतला की ‘आहे’ म्हणतो. पण तोच उजेड उन्हातही ठासून भरलेला. सकाळी ओसरीत गाडी शहाण्यासारखी चालायची. दहाला ऊन आत सरकलं की समोर काही नसताना गोल गोल फिरायची. मग पेचकस घ्या, सेन्सरची नजर कमी-जास्त करणारा निळ्या डबीवरचा स्क्रू केसभर फिरवा. ढग आला, परत फिरवा. तासभरात मुलं रोबोट कमी, स्क्रूच जास्त शिकली. “सर, याले उनात दिसूनच नाही राह्यलं,” एक पोट्टा म्हणाला, आणि माझं मन तिथेच उडालं. शहरात, बंद खोलीत ट्यूबलाइटखाली शिकवणाऱ्यांना हा जाच कदाचित होत नसेल.

अल्ट्रासॉनिकचा एक डोळा ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, दुसरा प्रतिध्वनी ऐकतो. आपले कान २० किलोहर्ट्झलाच थकतात. पडक्या वाड्यातल्या लहान वटवाघळांचं उदाहरण द्या, मुलांना लगेच कळतं. (झाडावरची मोठी नकोत, ती बहुतेक डोळ्यांनीच पाहतात.) शिवाय हा नुसतं ‘आहे’ म्हणत नाही, अंतर सांगतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. २ मिलिसेकंदांत परतला तर तो सुमारे ६८ सेंटिमीटर धावला, आणि वस्तू त्याच्या निम्म्यावर, ३४ सेंटिमीटरवर. निम्मं का, हे मुलांनीच सांगितलं: “गेला बी आन् आला बी.” ४५ अंशांच्या उन्हात आवाज जरा जोरात पळतो, म्हणून मीटरभर अंतर चारेक सेंटिमीटर कमी दिसतं. वळायला तेवढं चालतं.

खोड यालाही आहे. मऊ वस्तू आवाज पिऊन टाकते. आमची गाडी थेट कापसाच्या गंजीत घुसली होती. तिरप्या ठेवलेल्या पाटीवरूनही आवाज भलतीकडेच जातो. पण याला पेचकस लागत नाही, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी करायची असेल तर मात्र आयआरच घ्या. तो गाडीच्या पोटाखाली सावलीत बसतो, स्क्रू बहुधा एकदाच फिरवावा लागतो.