एंड-फेड वायर अँटेनासाठी ४९:१ ट्रान्सफॉर्मरचा किट: चांगला, पण १०० वॅटवर विसंबू नका

एका टोकाकडून जोडलेली (एंड-फेड) तार हॅम रेडिओशी जुळवणारा हा किट: एफटी२४०-४३ फेराइट कोअर, प्रायमरीला २ आणि सेकंडरीला १४ वेढे, प्रायमरीवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर. मांडणी योग्य आहे. एनॅमल तारेचं टोक सोल्डर करण्याआधी लाख नीट खरवडा. जोड कच्चा राहण्याचं हेच नेहमीचं कारण. कपॅसिटर किमान १ किलोव्होल्टचा आहे ना, तेही पाहा. कपॅसिटरच नसेल तर २१ आणि २८ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) वर चढतो.

तार जोडण्याआधी आउटपुटवर २.२ किलोओहम आणि २२० ओहम सिरीजमध्ये लावून नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी-यंत्रावर तपासा. वायरवाउंड रेझिस्टर इथे चालत नाहीत. मग ४० मीटर बँडसाठी घरगुती वायरिंगची तार २०.८ मीटर घ्या आणि थोडी थोडी कापत ७.१ मेगाहर्ट्झवर आणा. इन्शुलेशनमुळे ती साधारण २० मीटरच्या आसपास बसते.

खोक्यावरचे १०० वॅट एसएसबीपुरते (आवाजी संभाषण) खरे. एफटी८ या डिजिटल पद्धतीवर सलग प्रक्षेपणात कोअर तापतो, एसडब्ल्यूआर सरकू लागतो. तिथे ३०-४० वॅट पुरेत. किटमध्ये चोक (केबलच्या बाहेरून परत येणारा प्रवाह अडवणारा भाग) नाही, ही मोठी उणीव. त्यामुळे कोॲक्स केबलच्या शील्डवरून आरएफ (रेडिओ-वारंवारतेचा प्रवाह) थेट माइकपर्यंत येतो.