आठ महिने सिनेमे ऑनलाइन भाड्याने घेऊन बघतोय, अनुभव लिहितो (जरा लांबलंय)

मेलमधल्या पावत्या मोजल्या तर ३७ निघाल्या. म्हणजे आठ महिन्यांत ३७ सिनेमे भाड्याने, त्यातले पाच अर्धवट सोडलेले आणि एक तर चक्क न बघताच मुदत संपलेला. महिन्याच्या सबस्क्रिप्शनमधे ढिगाने सिनेमे असतात पण आज जो बघायचाय तो नेमका नसतो, म्हणून म्हटलं जो हवाय तेवढ्याचेच पैसे भरू आणि मोकळे होऊ. पद्धत सुटसुटीत आहे, अजूनही तेच करतोय. पण पहिले दोन महिने मी फोर-केचे (म्हणजे सगळ्यात स्पष्ट चित्राचे) पैसे भरून ४८० पी (म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचं) बघत होतो आणि मला पत्ताच नव्हता. ते आधी सांगतो, कारण हे बऱ्याच घरांत आत्ता या क्षणीही चालू असणार.

तर सेटअप असा होता. टीव्ही फोर-के, पण त्याच्यातलं ॲप इतकं रखडायचं की मी जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडला आणि ब्राउझरमधून सिनेमे लावायला लागलो. भाड्याने घेताना एसडी (हेच ते ४८०), एचडी, यूएचडी (म्हणजेच फोर-के) असे पर्याय येतात, मी आपला दरवेळी सगळ्यात वरचा. चित्र बरं दिसायचं, जरा मऊ वाटायचं, पण म्हटलं सिनेमाच तसा शूट केला असेल. रिमोटवरचं इन्फो बटण दाबलं की टीव्हीवर १०८० यायचं, त्यामुळे वाटायचं की लॅपटॉप जुना आहे, फोर-के नाही तर नाही, फुल एचडी तरी मिळतंय. मग एका सिनेमात नायिकेला पत्र येतं, ते पडद्यावर तीन-चार सेकंद दिसतं आणि मला त्यातली एक ओळ वाचता येईना. पॉज करून टीव्हीजवळ गेलो, सगळी अक्षरं मुंग्यांसारखी. धाकट्या भावाने तोच सिनेमा माझ्याच अकाउंटवरून त्याच्या फोनवर लावला आणि तेवढ्याशा स्क्रीनवर पत्राची तारीखसुद्धा वाचून दाखवली. ५५ इंची टीव्हीसमोर उभा राहून मी फोनमधलं पत्र वाचतोय!

कारण शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. टीव्हीचं इन्फो बटण फक्त एवढंच सांगतं की केबलमधून कितीचा सिग्नल येतोय. लॅपटॉप त्याचा सगळा डेस्कटॉप १०८० मधे पाठवत होता आणि आतला सिनेमा ४८०चाच, ताणून मोठा केलेला. आता ४८० का, तर कॉपी होऊ नये म्हणून हे सिनेमे डीआरएमच्या कुलपात येतात, त्यातलं वाइडवाइन नावाचं जे कुलूप आहे त्याला लेव्हल असतात. एल१ म्हणजे कुलूप उघडण्याचं काम चिपमधल्या सुरक्षित भागात होतं, एल३ म्हणजे सगळं सॉफ्टवेअरवर. कॉम्प्युटरवरच्या क्रोमसारख्या ब्राउझरमधे साधारणपणे एल३ असतं, आणि एल३ वाल्याला बऱ्याच सेवा एसडीच्या पुढे जाऊच देत नाहीत. भावाच्या फोनला एल१ होतं, विषय संपला. पैसे घेताना मात्र एका शब्दाने विचारलं नाही की बाबा रे तू बघणार कशावर. खाली बारीक अक्षरात "सुसंगत डिव्हाइसवर" असं काहीतरी असतं, ते मी वाचलं नव्हतं, ती चूक माझी.

मग एक स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात खुपसायची, आत ॲप असलेली कांडी) घेतली, फोर-केवाली. लावली, सिनेमा घेतला, स्क्रीनवर यूएचडीचा बिल्ला काही येईना, एचडीवरच अडकलेलं. आता मात्र मी पेटलो होतो. झालं असं होतं की स्टिक मी जुन्या ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) लावली होती आणि ॲम्पमधून केबल टीव्हीला, कारण स्पीकर ॲम्पला आहेत. फोर-के सिनेमा सोडताना स्टिक वाटेतल्या प्रत्येक डब्याला विचारते की तुझ्याकडे एचडीसीपी २.२ (केबलमधून कॉपी होऊ नये म्हणूनचं कुलूप) आहे का, त्यातल्या एकानेही नाही म्हटलं की गुपचूप खालची क्वालिटी पाठवते. एरर नाही, मेसेज नाही, काही नाही. ॲम्प त्या आधीच्या जमान्यातला. बरं, स्टिक थेट टीव्हीत खुपसली तरीही तेच! मग टीव्हीचं मॅन्युअल काढलं (हो, मॅन्युअल, आयुष्यात पहिल्यांदा), तर त्यात लिहिलेलं की चारपैकी दोनच पोर्ट २.२ वाले आहेत आणि त्यातही पिक्चर सेटिंगमधे जाऊन त्या पोर्टचं यूएचडी कलर चालू करावं लागतं. ते केलं, टीव्हीच्या एआरसी (आवाज उलट बाहेर पाठवणाऱ्या) पोर्टवरून आवाज परत ॲम्पला नेला, आणि मग दिसला एकदाचा बिल्ला. तोच पत्रवाला सिनेमा पुन्हा भाड्याने घेतला, फक्त पत्र वाचायला. पत्रात विशेष काही नव्हतं.

आता ४८ तासांबद्दल. बहुतेक ठिकाणी नियम सारखाच आहे, भाड्याने घेतल्यापासून सुरू करायला ३० दिवस आणि एकदा प्ले दाबलं की ४८ तास. २००८ मधे आयट्यून्सवर भाड्याचे सिनेमे सुरू झाले तेव्हा अमेरिकेत २४ तासच मिळायचे, त्या मानाने आपण सुखी. ऐकायला ४८ तास भरपूर वाटतात पण घरात प्रत्यक्षात काय होतं सांगतो. शुक्रवारी रात्री साडेदहाला लावला, चाळीस मिनिटांत बायको झोपली, मी एकटा पुढे बघितला तर भांडण, म्हणून बंद. शनिवारी पाहुणे. रविवारी रात्री सव्वानऊला पुन्हा बसलो, सिनेमा उरलाय दीड तास आणि घड्याळ उरलंय सव्वा तास, हे गणित आम्ही केलंच नव्हतं. पॉज केलं म्हणून घड्याळ थांबत नाही हे लक्षात ठेवा. मधे एक फोन आला, वीस मिनिटं गेली, परत येऊन प्ले दाबतो तर "तुमचा भाडे कालावधी संपला आहे, पुन्हा भाड्याने घ्या". खुनी कोण ते बायकोने दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारलं आणि मला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून आमचा नियम असा की शनिवारी दुपारनंतरच प्ले दाबायचं, म्हणजे अर्धवट राहिला तरी रविवारची अख्खी संध्याकाळ हातात असते. ट्रेलर बघितल्याने घड्याळ सुरू होत नाही, डाउनलोड केल्यानेही नाही. पण डाउनलोड नीट झालंय का हे बघायला दोन सेकंद जरी प्ले केलं तरी सुरू होतं, हे मी प्रवासाच्या आदल्या रात्री शिकलो. आणि डाउनलोड असलं तरी माझ्या ॲपला पहिल्यांदा सुरू करताना लायसन्स तपासायला नेट लागतं, म्हणजे विमानात बसून पहिलं प्ले दाबायचं म्हटलं तर बोंबला. घरात लहान मूल असेल तर खरेदीला पिन टाका, आज टाका, कारण सुरू झालेल्या सिनेमाचे पैसे परत मिळवणं फार अवघड, मी मेल करून बघितलंय, अत्यंत नम्र नकार आला.

चित्राचं एक राहिलं. फोर-के मिळाल्यावर आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "हे सिरीयलसारखं काय दिसतंय रे?" आणि अगदी बरोबर म्हणाली. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या फ्रेम तयार करून घुसवतो आणि सगळं तेलकट गुळगुळीत होतं, पन्नास वर्षांपूर्वीचा सिनेमासुद्धा काल शूट केल्यासारखा. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, पण सेटिंगमधे मोशन असा शब्द असलेलं जे काही दिसेल ते बंद करा. साधारण २०१९-२० नंतरच्या बऱ्याच टीव्हींमधे फिल्ममेकर मोड असतो, तो लावला की हे एकदम बंद होतं. आणि वरखाली काळ्या पट्ट्या येतात तो बिघाड नाही, सिनेमा २.३९ : १ चा आणि टीव्ही १६ : ९ चा, पट्ट्या येणारच. झूम करून पट्ट्या घालवणाऱ्या काकांना माझा नमस्कार, तुम्ही दोन्ही बाजूंची माणसं कापताय.

संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारी आली की शेजारी जागे होतात, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. ५.१ च्या (सहा चॅनेलच्या) मिक्समधे संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला असतात, टीव्हीचे दोन पिटुकले स्पीकर सहा चॅनेल दोनात कोंबतात आणि संवाद दबतात. ॲपच्या आवाजाच्या सेटिंगमधे स्टीरिओ निवडून बघा, नाहीतर टीव्हीचा नाइट मोड, बराच फरक पडतो. ब्लूटूथ हेडफोनला ओठ आधी आवाज नंतर असं होतं, त्याला एव्ही सिंक म्हणजे चित्र-आवाज जुळवायचं सेटिंग असतं. सबटायटलचं मात्र पैसे भरायच्या आधीच बघा, मी दोनदा फसलोय. एकदा हवी ती भाषाच नव्हती, आणि एकदा फक्त ऐकू न येणाऱ्यांसाठीची सबटायटल होती, दर दोन मिनिटांनी (दार करकरतं), (वारा वाहतो). तिसऱ्या वेळेपासून आम्ही ते मोठ्याने वाचून हसायला लागलो तो भाग वेगळा.

नेटबद्दल लोक उगाच घाबरतात. फोर-केला साधारण १५ ते २५ एमबीपीएस पुरतं, १५ ने धरलं तरी तासाला पावणेसात-सात जीबी डेटा जातो, तेवढा मोबाइल हॉटस्पॉटवाल्यांनी विचार करावा. माझ्याकडे १०० चं कनेक्शन असून पहिली पाच मिनिटं धुरकट दिसायचं, कारण स्टिक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर होती. ५ वर टाकली, संपलं.

विकत की भाड्याने? ३७ पैकी पुन्हा बघावासा वाटलेला सिनेमा एक. एकच. तेव्हा माझं उत्तर भाड्यानेच. शिवाय "विकत घ्या" या बटणाने आपण सिनेमा विकत घेत नाही, बघायचं लायसन्स घेतो, दुकानाचा आणि स्टुडिओचा करार फिसकटला तर ते जाऊही शकतं. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे की हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. आवडता सिनेमा कायमचा हवाच असेल तर डिस्क घ्या, यूएचडी ब्लू-रेचा बिटरेट (दर सेकंदाला येणारा डेटा) स्ट्रीमिंगच्या कितीतरी पट असतो आणि ती कपाटातून कोणी उचलून नेत नाही. आणि हो, भाड्याने घ्यायच्या आधी जस्टवॉचवर (कुठला सिनेमा कुठे आहे ते सांगणारी साइट) नाव टाकून बघायची सवय लावा. मी एकदा पैसे भरून सिनेमा बघितला, आणि शेवटची नावं चालू असताना भाऊ म्हणाला हा तर आपल्या सबस्क्रिप्शनमधे आहे. आधी सांगायला काय झालं होतं त्याला.

सध्या ॲपच्या लायब्ररीत एक पडून आहे, तीन तास दहा मिनिटांचा. घेऊन २६ दिवस झालेत, म्हणजे उरले चार, आणि मधे शनिवार एकच. बायको म्हणते बघू. आधीच्या खुन्याचं नाव सांगणार असशील तर लावतो म्हटलंय.