भोसल्यांचं घोडदळ: २८ मिमी की १५ मिमी?

टेबलावरच्या युद्धखेळात छोट्या पुतळ्यांनी नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या बंगाल स्वाऱ्यांचं (१७४२ ते १७५१) सैन्य मांडायचं तर सगळा जीव घोडदळात. म्हणून पुतळ्यांचा आकार, म्हणजे उभ्या माणसाची उंची, आधी ठरवा. २८ मिमीत पगडीचा पीळ, मिशा रंगवायला मजा येते. पण तीन स्वारांना ६० मिमी रुंद बेस (पुतळे चिकटवायची खालची पट्टी) लागतो, आणि धातूचा भाला बोट लागताच वाकतो. तो कापून टाका, मुठीला १ मिमी ड्रिलने भोक पाडून ०.८ मिमीची पोलादी तार बसवा. १५ मिमीत तेच तीन स्वार ४० मिमीत मावतात. सहा बाय चार फुटांच्या टेबलावर बगलेवरून वळसा मारायला जागा उरते. बारगिरांना, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या मराठा स्वारांना, आणखी काय हवं? आमचा कौल १५ला. प्रायमर (रंगाआधीचा स्प्रेचा थर) मात्र दोन्हींना पहाटेच मारा. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी स्प्रे हवेतच सुकतो, घोडे पॉलिशपेपरसारखे खरखरीत होतात.