चौथीनंतर गावची शाळा की तालुक्याचं हायस्कूल?

चौथीचा निकाल लागला की आमच्याकडे घरोघरी हाच विषय निघतो. पोराला गावच्या जिल्हा परिषद शाळेतच आठवीपर्यंत ठेवायचं, की पाचवीलाच दाखला काढून तालुक्याच्या अनुदानित हायस्कूलला घालायचं? माझ्या घरात दोन्ही झालं. मोठी मुलगी पाचवीपासून तालुक्याला गेली, धाकटा आठवीपर्यंत गावात शिकला. पोषण आहार, पुस्तकं, मुलींचा एसटीचा पास हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं. दिवाळीच्या आसपास गावातले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, ऊसतोडीला निघतात आणि त्यांच्यामागे निम्मा वर्ग रिकामा होतो. काही लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं तर आणखी थोडी थांबतात. बाकीची आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे परत येतात. त्यांची नावं मात्र पटावर वर्षभर असतात.

तालुक्याच्या शाळेत तसं नाही. आमच्या गावातून तिथे कोण जातं ते बघा: पाण्याखालची शेती असलेल्यांची मुलं, नोकरदारांची मुलं, ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या एखाद्या मुकादमाचा मुलगा. म्हणजे वर्षभर एका जागी राहणारं घर ज्याच्याकडे आहे, तोच तिथल्या बाकावर पोचतो. म्हणून स्टँडजवळ शिष्यवृत्तीधारकांच्या फोटोंचा फलक दिसतो तेव्हा मला त्यात शाळेइतकीच ती घरंही दिसतात. गावच्या शाळेचा फलक नसतो, आणि टक्केवारी काढली तर ती कमीच भरते, कारण भागायला अख्खा पट घेतलेला असतो.

तरीही मुलीच्या वेळी मी फलकच बघितला. तिला आमच्या गुरुजींनी चांगलं तयार केलं होतं. वाचन खडखडीत, पाढे तोंडपाठ. तालुक्याच्या शाळेत दाखला दिला आणि तिला ‘ड’ तुकडी मिळाली. शाळेच्या स्वतःच्या प्राथमिक विभागातून आलेली मुलं ‘अ’ आणि ‘ब’मध्ये, खेड्यांवरून आलेली पुढच्या तुकड्यांत. चाचणी नाही, विचारपूस नाही. गणिताचे नावाजलेले सर पहिल्या दोन तुकड्यांना. ‘ड’चे तास बरेचदा ऑफ जायचे.

त्या काळी शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी आणि आठवीला होती. दीडशे-दीडशेचे दोन पेपर: एक प्रथम भाषा आणि गणिताचा, दुसरा तृतीय भाषा आणि बुद्धिमत्तेचा. मी फॉर्मचं विचारायला गेलो तर कळलं, फॉर्म ‘अ’ तुकडीचेच भरले जातात, बाकीच्यांमुळे निकाल खाली येतो. तिथून घरी येईपर्यंत मी काही बोललो नाही. पण खरं टोचलं ते दोन वर्षांनी. सातवीत असताना मी तिला विज्ञान प्रदर्शनाचं विचारलं तर ती अगदी सहज म्हणाली, "पप्पा, आम्ही ड-वाले आहोत ना, आम्हाला ते नसतं." तिला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नव्हतं. धाकट्याचा दाखला काढायचा नाही, हे माझ्या मनात त्याच संध्याकाळी पक्कं झालं.

त्याच्या वर्गात बावीस मुलं होती. डिसेंबरात मी गेलो तेव्हा समोर अकराच बसलेली. गणित-विज्ञानाच्या मॅडमनी भिंतीवर कागद लावला होता: कोण कोणत्या तारखेला गेलं, कोणता घटक बुडाला. मार्चमध्ये एकेक जण परत यायला लागला तशी शाळा सकाळी तासभर आधी भरू लागली आणि परत आलेल्यांना गावात राहिलेल्या मुलांतला एकेक जोडीदार मिळाला. माझ्या मुलाने त्याच्या मित्राला अपूर्णांक शिकवले. त्याचे स्वतःचे अपूर्णांक पक्के झाले ते त्यातच, हे मी घरी बघितलंय. आठवीत एनएमएमएसला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, मॅडमनी हजर असलेल्या सगळ्यांना बसवलं. पात्र दोघेच ठरले, माझा मुलगा त्यातला एक. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आमच्यासारख्या घराला ते कमी नाहीत.

गावच्या शाळेत उणिवा आहेत, त्या लपवत नाही. भाषेच्या सरांची बदली झाली आणि जवळपास वर्षभर जागा भरली नाही. इंग्रजी कच्चं राहिलं, नववीत तालुक्याला गेल्यावर पहिले सहा महिने तो गांगरून गेला होता. मुलीचं इंग्रजी आजही त्याच्यापेक्षा चांगलं आहे. आणि सगळ्याच हायस्कुलांत तुकड्या अशाच पाडतात असं मी म्हणणार नाही. मला अनुभव एकाच शाळेचा आहे.

तुम्ही ठरवत असाल तर आधी शिक्षक मोजा. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना शिकवणारे किमान एकेक शिक्षक हवेत. यातल्या दोन जागा रिकाम्या असतील तर गावाच्या प्रेमाखातर लेकराला तिथे ठेवू नका, तालुका गाठा. शिष्यवृत्तीचं विचारताना पात्र किती एवढ्यावर थांबू नका. पट किती आणि बसले किती, हे आधी विचारा. हायस्कूलला जाल तेव्हा तुकड्या कशावर पाडता आणि शेवटच्या तुकडीला गणित कोण शिकवतं, हे स्पष्ट विचारून घ्या. तिथे उत्तर गुळमुळीत आलं तर माझ्या मते आपलं गाव बरं.

यंदा धाकट्या भावाची मुलगी चौथीत आहे. दाखला काढायची घाई करू नको, असं त्याला सांगितलंय. शाळा बघायला जूनमध्ये जाऊ नको, तेव्हा सगळेच वर्ग भरलेले दिसतात. पौषात जा, कोयते गेलेले असताना, आणि उरलेल्या मुलांत अर्धा दिवस बसून ये.